डाव्या कानामागचा आवाज

४ मार्च

मुंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर आत्ताच फाड. अर्धं वाचून फाडलंस तर तुझाही वेळ जाईल आणि माझीही मेहनत.

पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस. तिचं शिलाई मशीन माझ्याकडे दुरुस्तीला होतं, आणि पत्ता दिल्याशिवाय मी ते सोडणार नाही हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. फोन नंबरही देत होती. मी घेतला नाही. अकरा वर्षांनी तू 'हॅलो' म्हणालीस तर पुढे काय बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

खास काही नाही. दुकान चालू आहे. आता पायाची मशिनं कमी आणि मोटारीची जास्त येतात. आईच्या खोलीत मी सुटे भाग ठेवते, पट्टे, सुया, बॉबिनचे डबे. रिकामी ठेवण्यापेक्षा बरं.

एक गंमत झाली, म्हणजे गंमत नव्हे. परवा एका शिंपीणबाईंचं मशीन मी 'झालं' म्हणून परत दिलं. तासाभरात त्या हजर. "अहो, हे अजून खडखडतंय. तुम्हाला ऐकू नाही आलं?" नाही आलं. बाबांनी मला मशीन उघडण्याआधी ऐकायला शिकवलं होतं, तुला आठवत असेल. तीस वर्षांत माझा कान चुकला नव्हता. मी मशीन पुन्हा ठेवून घेतलं आणि दार लावून स्टुलावर बसून राहिले.

झालंय असं, की चार महिने माझ्या डाव्या कानात आवाज येतोय. शिट्टी नाही, घंटी नाही. हुश्श, हुश्श, हुश्श, कुणीतरी आत पाण्याचा पंप चालवतंय तसा. मनगटावर बोट ठेवलं तर नाडीचा ठोका आणि तो आवाज एकदमच पडतात. पायऱ्या चढले की वाढतो. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. उजव्या कुशीवरही झोपता येत नाही, कारण तेव्हा मी तो येतोय का ते ऐकत बसते.

कानात मळ असेल. दाखवून येईन एकदा.

उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


१९ मार्च

मुंगी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे निदान पोचलं.

मळ नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, पडदा अगदी स्वच्छ आहे, ऐकण्याची तपासणीही ठीक आहे. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "बाई, वयाप्रमाणे होतं असं थोडंफार."

मी खुर्चीवरून उठलेच नाही. ते वाक्य मला सहन होईना. का ते विचारू नकोस. मी म्हटलं, "डॉक्टर, मी चौपन्न वर्षांची आहे आणि यंत्रांची कामं करते. जो आवाज ठोक्याला ठोका धरून येतो तो वयाचा नसतो, कुठेतरी काहीतरी चुकीचं जोडलेलं असतं." बाहेर रांग लागलेली. माझ्या तोंडी लागण्यापेक्षा चिठ्ठी दिलेली बरी असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथल्या डॉक्टरीणबाई मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं बघतात. बारीक चणीच्या, डोळ्यांखाली काळं, माझ्याइतक्याच दमलेल्या. त्यांनी आधी काही विचारलंच नाही. स्टेथोस्कोप माझ्या डाव्या कानामागे, हाडावर ठेवला आणि डोळे मिटले.

"आहे," म्हणाल्या. "मलाही ऐकू येतोय."

मुंगी, मी ढसाढसा रडले. त्या घाबरल्या. बिचाऱ्या सांगू लागल्या, "अहो, घाबरू नका, यावर उपचार असतात." मी भीतीने रडत नव्हते. चार महिन्यांनी माझ्याखेरीज आणखी कुणाला तो आवाज ऐकू आला होता.

मग मी विचारलं, "म्हणजे तो बाहेरून ऐकू येतो?"

"मोठा असेल तर येतो. शांत खोलीत नुसता कान लावला तरी कधीकधी कळतो."

त्यानंतर त्या बरंच काही बोलल्या. मी काहीच ऐकलं नाही. सगळं पुन्हा विचारावं लागलं.

मला कळलं ते असं. धमनीत रक्त जोरात जातं, हृदय ढकलतं म्हणून. शिरेतून ते हळूहळू परत येतं. दोन्हींच्या मध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, तिथे जोर मरतो. माझ्या मेंदूभोवतीच्या आवरणात, डाव्या कानामागे, एके ठिकाणी ते मधलं जाळं नाही. धमनी सरळ शिरेला जोडली गेली आहे. शिरेला एवढा जोर सोसायची सवय नसते. ती फुगते. आवाज त्या रक्ताचा. जन्मापासूनचं नसतं, म्हणाल्या, नंतर कधीतरी तयार होतं. का होतं ते पुष्कळदा सापडत नाही.

"घरात कुणाला असा त्रास होता?" त्यांनी विचारलं.

मी "नाही" म्हटलं.

ताई


३० मार्च

मुंगी,

मांडीच्या शिरेतून नळी घालून फोटो काढले. शिरेतून नव्हे, धमनीतून. डॉक्टरीणबाईंनी दोनदा दुरुस्त केलं तरी माझी चूक होतेच. पूर्ण जागेपणी करतात. जांघेत एक टोचणी, मग काहीच नाही. नळी पोटातून, छातीतून, मानेतून वर जाते आणि आपल्याला कळतसुद्धा नाही, हेच मला जास्त भयंकर वाटलं. रंग सोडला की अर्ध्या चेहऱ्यात ऊन शिरल्यासारखं होतं. "गिळू नका, हलू नका, श्वास धरा." मी धरला. मला धरून ठेवायची सवय आहे.

नंतर त्यांनी पडद्यावर दाखवलं. झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा, आणि कानामागे एक गुंतवळ. तिथून एक जाड, वाकडीतिकडी शीर मेंदूच्या पृष्ठभागावर गेलेली. त्यांनी तिच्यावर पेन टेकवलं. "नुसता आवाज असता तर मी म्हटलं असतं, थांबून पाहू. पण रक्त इथे उलटं चाललंय. ही शीर फुटू शकते. थांबू नये असं माझं मत आहे."

डोकं उघडणार नाहीत. पुन्हा तसंच मांडीतून जायचं, या वेळी सुताएवढी बारीक नळी त्या जोडाच्या तोंडापर्यंत न्यायची आणि पातळ डिंकासारखं औषध सोडायचं. ते आत जाऊन घट्ट होतं आणि जोड बुजतो. भूल देऊन, तीन-चार तास. मी विचारलं, "डिंक भलतीकडे गेला तर?"

"तर पक्षाघात होऊ शकतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते. रक्तस्राव होऊ शकतो. शंभरात थोड्यांना होतं, पण होत नाही असं मी सांगणार नाही."

मला बाई आवडल्या. मीसुद्धा गिऱ्हाइकाला असंच सांगते.

फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ होती. वरच्या मजल्यावरचे मास्तर सोबत आले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाच्या तरी सोबत जायला काम लागतंच. म्हणाले, "माझं नाव घाला, शेजारी म्हणून चालेल." नर्स म्हणाली, चालणार नाही, सख्खं कुणी नाही का?

मी तुझं नाव लिहिलं. नात्यापुढे 'बहीण' लिहिलं. फोन नंबराची जागा कोरी. नर्सने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं.

तारीख अठरा एप्रिल. तू यावंस म्हणून सांगत नाही. फॉर्मवर तुझं नाव आहे एवढं तुला ठाऊक असावं म्हणून सांगतेय.

ताई


१० एप्रिल

मुंगी,

हे पत्र मी तीनदा लिहून टाकून दिलं. आज दुकान बंद ठेवून, दुपारी जेवण झाल्यावर बसलेय. आता होईल ते होईल.

आई जायच्या आधीचे तीन दिवस मी तुला काही कळवलं नाही. तू आलीस तेव्हा सगळं आटपलं होतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "तीन दिवस, ताई? तीन दिवस माझी आई अतिदक्षता विभागात होती आणि तुला एक फोन करता आला नाही?" आणि मी म्हणाले, "तू येऊन काय दिवे लावणार होतीस?" त्यानंतर आपण बोललो नाही. तुला वाटलं असेल, मी आईवर हक्क सांगत होते. तुला वाटू दिलं मी. ते सोपं होतं.

खरं वेगळं आहे.

आईला आवाज येत होता, मुंगी. कानात, ठोक्याबरोबर. पडायच्या आधी सहा महिने ती मला सांगत होती. मशीनवर मान घालून मी बसलेली असायचे आणि ती दारात येऊन म्हणायची, "अगं, डोक्यात कुणीतरी फुंकतंय बघ. फक्त तुला सांगतेय. डॉक्टरकडे नेतेस का एकदा?" मी म्हणायचे, "आई, वयाप्रमाणे होतं असं." एकदा ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "तुझा कान एवढा चांगला. जरा इथे लावून बघ ना." मला त्या दिवशी चार मशिनं द्यायची होती. मी हात सोडवून घेतला. हसले वर. म्हटलं, "तू काय मशीन आहेस का?"

ती पुन्हा म्हणाली नाही.

स्वयंपाकघरात पडली तेव्हा हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही तक्रार होती का? मी म्हटलं, नाही. का म्हटलं? लाज वाटली म्हणून. एकदा 'नाही' म्हटल्यावर तुला बोलावता येईना. तू आलीस की पहिला प्रश्न तोच विचारशील, आणि तुझ्या तोंडावर मला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं. म्हणून एक दिवस टाळलं, मग दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी टाळण्यासारखं काही उरलं नाही.

तू विचारलंसच. इतकी भांडलीस आणि मध्येच एकदम थांबून हळूच विचारलंस, "आधी काही म्हणत होती का गं ती?" मी म्हटलं, नाही. म्हणजे आलंच मला खोटं बोलता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, नुसता कान लावला तरी कळतो. तेव्हापासून माझ्या आवाजाचं मला काही वाटत नाही. त्या वाक्याचं वाटतं.

माफी मागायला लिहिलं नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तो ताप तुला नको. अठरा तारखेला काही झालंच, तर हे माझ्याबरोबर जाऊ नये, एवढंच. अकरा वर्षं सांभाळून मी थकले, मुंगी. फार थकले.

ताई


१७ एप्रिल, वॉर्डमधून

उद्या सकाळी आठला नेणार. काहीही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. शेजारच्या पलंगावरच्या आजी घोरतात, आणि ते बिघडलेल्या मोटारीसारखं ऐकू येतं. मास्तर बाहेर बसणार आहेत, शब्दकोड्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आलेत. हे पत्र त्यांच्याजवळ देते, टाकतील पेटीत.

तुझी पोच नाही. ठीक आहे. रागावून नाही म्हणत, खरंच ठीक आहे.

दुकानाची किल्ली मास्तरांकडे.


२० मे

मुंगी,

तुला घरी जाऊन आता तीन आठवडे झाले. तू दर दोन दिवसांनी फोन करतेस तरी हे लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी फक्त जेवलीस का आणि गोळ्या घेतल्या का, एवढंच बोलतो. शिवाय त्या दिवशी मी भुलीच्या गुंगीत होते. मला आठवतं ते खरं आहे की मी मनाने रचलंय, ते तू बघून सांग.

मला जाग आली तेव्हा पाय सरळ ठेवा, पाय सरळ, असं कुणीतरी ओरडत होतं. नर्स असावी. मांडीवर वाळूची पिशवी. डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवेनात. डॉक्टरीणबाईंनी हात उचलायला लावले, हसायला लावलं, नाव विचारलं. "जोड पूर्ण बंद झाला," म्हणाल्या. "आवाज?"

मी ऐकलं. काहीच नव्हतं. पंखा होता, ट्रॉलीची चाकं होती, लांब कुठेतरी नळ गळत होता. आत काही नव्हतं.

मग त्या बाजूला झाल्या आणि मागे तू होतीस. केस पांढरे झालेत तुझे. मी आधी ओळखलंच नाही. वाटलं, आई आलीय, म्हणजे मी गेलेच. तुला तसं म्हटलंही बहुतेक. म्हटलं ना?

तुझ्या हातात माझी चिठ्ठी होती, मास्तरांकडे दिलेली. त्यांनी पेटीत टाकायच्या ऐवजी तुलाच दिली. तू कॉरिडॉरमध्ये येऊन त्यांना म्हणालीस, "मी बहीण", आणि ते म्हणाले, "बसा. मला 'परत येणे'साठी पाच अक्षरी शब्द मिळत नाहीये." हे तूच सांगितलंस. यावर मी हसले आणि डोक्यात कळ आली, ते नक्की आठवतंय.

पुढचं मात्र तू तपास.

संध्याकाळी, भेटीची वेळ संपत आली होती. तू खुर्ची ओढून अगदी उशीपाशी बसलीस. म्हणालीस, "ताई, बोलू नकोस, नुसती ऐक. आईने मलाही सांगितलं होतं."

तू म्हणालीस, "फोनवर. दोन-तीनदा. डोक्यात कुणीतरी फुंकतंय म्हणाली. आणि म्हणाली, ताईला सांगू नकोस, तिला आधीच कामाचा व्याप, फक्त तुला सांगतेय. मी म्हटलं, कोमट तेल घाल कानात. तेल, ताई! आणि फोन ठेवून पोरांचे डबे भरायला गेले."

तू पुढे म्हणालीस, "तू 'नाही, काही म्हणत नव्हती' म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, म्हणजे तिने खरंच फक्त मलाच सांगितलं होतं. एकट्या मला. मी तुला काय तोंड दाखवणार होते? तीन दिवस न कळवल्याचं भांडण माझ्या पथ्यावर पडलं. मी ते धरून बसले."

मला आठवतं, तू हे सगळं माझ्याकडे न बघता बोललीस, सलाईनच्या बाटलीकडे बघून. आणि मी म्हटलं, "म्हातारीने दोघींना 'फक्त तुला' म्हणून सांगितलं?" आणि तू फसकन हसलीस, आणि मग तुला हुंदका आवरेना. नर्स धावत आली. तिला वाटलं, मला काही झालं. तू तिला हाताने 'नाही, नाही' करत होतीस आणि ती माझी नाडी बघत होती.

हे असंच झालं ना? थोडं इकडेतिकडे असेल तर सांग. पण मुख्य गोष्ट रचलेली असू नये एवढीच माझी इच्छा आहे.

आता काल काय झालं ते. टाके नव्हतेच, पण डॉक्टरीणबाईंनी बघायला बोलावलं होतं. डोकेदुखी कमी आहे. चेहरा सरळ आहे. काम हळूहळू सुरू करा म्हणाल्या. निघताना मी त्यांना आईचं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्या रोजच्यासारख्या घाईत होत्या, पण पेन खाली ठेवून ऐकलं.

मी विचारलं, "तिलाही हेच होतं का?"

"तेव्हा फोटो काढले गेले नाहीत. आता सांगता येणार नाही."

"तुमचा अंदाज?"

"असू शकेल. नसूही शकेल. रक्तदाब असेल, आणखी काही असेल. ठोक्याबरोबरचा आवाज पुष्कळ कारणांनी येतो." पेन पुन्हा उचलत म्हणाल्या, "मी अंदाज केला तर तुम्ही तो खरा धरून घरी न्याल. म्हणून करत नाही."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. मला वाटलं होतं, हो म्हणाल्या तर मी मोडून पडेन, नाही म्हणाल्या तर सुटेन. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. कळणार नाही, मुंगी. तुलाही नाही, मलाही नाही. कान लावला असता तर आवाज आला असता की नसता, डॉक्टरकडे नेलं असतं तर ती राहिली असती की नसती, यातलं काहीच कधीच कळणार नाही. बसल्या बसल्या मला जाणवलं, की इतकी वर्षं मी याचा निकाल एकटीने लावून मोकळी झाले होते, आणि तिकडे तूही लावला होतास. दोन्ही निकाल चुकीचे होते असं नाही म्हणत. पण ते लावायचा अधिकार आपल्याकडे नव्हता.

दमायला होतं अजून. दुपारी दोन मशिनं पाहिली आणि आडवी झाले. डाव्या कुशीवर. घर इतकं शांत आहे की आधी दचकायला होतं, मग झोप लागते.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून जोड बंदच आहे ना ते बघतील. तू तेव्हा रजा काढून येशील, हे मला ठाऊक आहे. येऊ नकोस. मास्तर आहेत, आणि आता नर्सही ओळखते मला. तुला यायचंच असेल तर त्या आधी ये, कुणी आजारी नसताना. आईच्या खोलीतले डबे मी बाहेर काढलेत. पलंगावर गादी घातलीय. काही काम नसताना ये आणि चार दिवस नुसती झोप.

ताई